कमी काड्यांत शेकोटी पेटवायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चार मित्र ऑक्टोबरच्या सुमारास सह्याद्रीत मुक्कामी ट्रेकला जातात. सोबत एकच काडेपेटी. दर वेळी ती रिकामी होते, धुरानं डोळे लाल होतात आणि शेकोटी काही धरत नाही. दोन-तीन काड्यांत पेटवणारे लोक नेमकं काय वेगळं करतात?

ते काडीला हात लावायच्या आधी अर्धा-पाऊण तास खपतात. ज्यांची काडेपेटी संपते तेही तेवढाच वेळ घालवतात, फक्त काडी ओढल्यानंतर. एक जण वाकून फुंकत असतो, दुसरा हेडलॅम्प लावून काटक्या शोधायला पळालेला असतो, तिसरा वहीची पानं फाडत असतो. शिबिरात मी प्रत्येक गटाला तीन काड्या देतो आणि वेळेचं बंधन ठेवत नाही. जो गट पहिल्या पाच मिनिटांत काडी ओढतो, त्याच्या भाकरी बहुधा दुसऱ्या गटाच्या चुलीवर भाजल्या जातात.

आधी काडीचा हिशेब बघू. साधी लाकडी काडी दहा-पंधरा सेकंद जळते आणि पूर्ण जळली तरी साधारण एक किलोज्यूल उष्णता देते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला जवळपास अडीच किलोज्यूल लागतात. म्हणजे काडीची सगळीच्या सगळी आच कामी आली तरी जेमतेम सात-आठ थेंब पाणी उडेल. पावसाळ्यानंतर जमिनीवरून उचललेल्या अंगठ्याएवढ्या काटकीत याच्या कितीतरी पट पाणी असतं. दुसरी गोष्ट, ज्वाला लाकडाची नसते, तापलेल्या लाकडातून सुटणाऱ्या वायूची असते. तो वायू नीट सुटायला लाकूड अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत जावं लागतं आणि आत पाणी आहे तोवर ते शंभराच्या आसपासच घुटमळतं. तुमच्या बहुतेक काड्या लाकूड वाळवण्यातच खर्ची पडतात. तेव्हा काडीनं जे पेटवायचं ते कोरडं तर हवंच, शिवाय काडीपेक्षा बारीक हवं. काडी स्वतःपेक्षा जाड वस्तू पेटवू शकत नाही असं धरूनच चाला. अपवाद निघाला तर तो नफा समजा.

सरपणाआधी जागेचं बोलून घेतो, कारण कधी कधी उत्तर "इथे पेटवूच नका" असंच असतं. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हा पट्टा १९८६ पासून अभयारण्य आहे, भीमाशंकरही अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार अभयारण्यात आग लावायला बंदी आहे. राखीव जंगलासाठी भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम २६ आहे. किल्ल्यावरच्या देवळाच्या ओवरीत किंवा लेण्यात चूल मांडून शेकडो वर्षांच्या दगडाला काजळी फासणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, भाषा बिघडेल. पायथ्याच्या गावातल्या घराचं अंगण, कापणी झालेलं शेत, मालकाची परवानगी असलेली मुक्कामाची जागा, नदीकाठचा गोटाड पट्टा, एवढ्या जागा पुरे आहेत. फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत गुडघाभर वाळलेल्या गवतात तर परवानगी असली तरी नाहीच. २०१८ च्या मार्चमध्ये तामिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त ट्रेकर गेले. वाळलेलं गवत, चढ आणि वारा एकत्र आले की आग माणसापेक्षा वेगानं वर चढते.

आता सरपण. सगळी मेख इथेच आहे.

जमिनीवर पडलेलं लाकूड उचलायचं नाही, हा ऑक्टोबरचा पहिला नियम. वरून वाळलेलं दिसतं, पण जमिनीला टेकलेली बाजू ओल धरून असते. उभं वाळलेलं झुडूप, फांद्यांत अडकून लटकलेली काटकी, कपारीत वाऱ्यानं नेऊन साठवलेला पाचोळा, हे खरं सरपण. करवंदीच्या जाळीत हात घालायला कोणी तयार नसतं, म्हणूनच तिच्या पोटात, खालच्या बाजूला, काडीएवढ्या वाळलेल्या काटक्या वर्षभर शिल्लक असतात. वरच्या पानांच्या छपरामुळे त्या पावसातही फारशा भिजत नाहीत. काठीनं जाळी उचलून धरा आणि बाजूनं मोडून घ्या, ओरखडे कमी येतात. घाटमाथ्यावर कारवी असेल तर काम आणखी सोपं. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. मेलेल्या कारवीच्या उभ्या काठ्या हलक्या, सरळ आणि चटकन धरणाऱ्या असतात. याच काठ्यांचे कुड घराच्या भिंतींना लावतात, त्यामुळे गावाजवळच्या कारवीला हात लावण्याआधी विचारलेलं बरं.

वाळलं आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. काटकी वाकवा. 'कट्' आवाज करून दोन तुकडे झाले तर ठीक. वाकून, साल चिरून, आत तंतू दिसले तर ती बाजूला ठेवा. आवाज आला तरी शंका असेल तर मोडलेलं टोक वरच्या ओठाला लावा. ओलं लाकूड तिथे गार लागतं, वाळलेलं काहीच लागत नाही. बोटांना हा फरक कळत नाही, कारण तोवर बोटं स्वतःच गार आणि ओली झालेली असतात.

सगळंच भिजलेलं असेल तर मनगटाएवढं, उभं वाळलेलं एक लाकूड शोधा आणि ते फोडा. पाऊस दोन-चार दिवसांत वाळलेल्या लाकडाच्या फार आत शिरत नाही, गाभा कोरडा राहतो. कोयत्याचं पातं लाकडाच्या टोकावर ठेवायचं, दुसऱ्या ओंडक्यानं पात्याच्या पाठीवर ठोकायचं. कोयता हवेत फिरवायची गरज नाही आणि अंधारात तर मुळीच नाही. चार फाकी झाल्या की प्रत्येकीची ओली साल आणि बाहेरचा थर तासून टाका. आतल्या कोरड्या कडेवरून चाकूनं पातळ, लांब ढलप्या काढत जा, पण शेवटपर्यंत कापू नका. त्या काटकीलाच चिकटून कुरळ्या राहू द्या. अशा फुलवलेल्या चार-पाच काटक्या झाल्या की काडीपेक्षा बारीक आणि पूर्ण कोरडं असं काहीतरी भर पावसात तुमच्याकडे आहे. हे काम निवांत बसून करा. पहिल्या दोन काटक्यांच्या ढलप्या तुटून पडतील, त्या पडलेल्याही गोळा करून ठेवा.

जाडीचे ढीग वेगवेगळे लावा. काडीपेक्षा बारीक, दोन मुठी. काडीपासून पेन्सिलीपर्यंत, दोन्ही हातांच्या विळख्यात जेमतेम मावेल एवढा भारा. बोट-अंगठ्याएवढं त्याच्या दुप्पट. मनगटाएवढं आणि त्याच्या वरचं, जितका वेळ बसायचं असेल तितकं. शेकोट्या विझतात त्या दुसऱ्या ढिगापाशी. कागद भपकन पेटतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि लगेच कोणीतरी वर ओंडका ठेवतो. काडी ते पेन्सिल या जाडीचं सरपण तुम्हाला वाटतं त्याच्या तिप्पट लागतं. पुरेसं झालं असं वाटलं की आणखी एकदा जाऊन तेवढंच आणा.

प्रदेशानुसार हे सोपं-अवघड होतं. देशावर आणि विदर्भात तर मी जंगलाकडे बघतही नाही. शेताच्या बांधावर तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काठ्या) किंवा पऱ्हाट्या (कपाशीच्या) यांचा ढीग असतो, शेतकऱ्याला विचारून एक पेंढी घेतली की काडीपासून बोटापर्यंतचं सगळं सरपण एकाच जागी मिळालं. तुराटीसारखं पटकन धरणारं सरपण विकत मिळणार नाही. कणसाची बुरकुंडं आणि ज्वारीची धसकटंही चांगली. कोकणात नारळाचं सोडण हातानं पिंजलं की काथ्याचा भुगा सुटतो, तो ठिणगीही धरतो. वाळलेली झावळी, पोय, आणि जाळ झाल्यावर करवंट्या. किनाऱ्यावर सुरूच्या बनाजवळ मुक्काम असेल तर सुरूचं लाकूड थोडं ओलसर असतानाही बऱ्यापैकी जळतं, पण बनाच्या आत पेटवू नका. तिथे पायाखाली सुरूच्या काड्यांची जी गादी असते तीच पेट घेते. काजूची टरफलं जोरात जळतात म्हणून काही जण टाकतात. त्यांतलं तेल तडतडून उडतं आणि कातडीला लागलं तर भाजतं, धूरही झोंबतो. मी वापरत नाही.

काही झाडं मुळीच जाळायची नाहीत. बिब्ब्याचा चीक अंगावर फोड आणतो आणि धूरही त्रास देतो. कण्हेर विषारी आहे, तिच्या काठीला मक्याचं कणीससुद्धा टोचू नका. शेर आणि निवडुंग यांचा चीक डोळ्यांत गेला तर ट्रेक तिथेच संपतो. वाळका बांबू जाळायचा असेल तर आधी फोडून घ्या. बंद पेरातली हवा तापली की पेर फटाक्याच्या आवाजानं फुटतं आणि निखारे उडतात. ओढ्यातले दगड चुलीला लावू नका, तेही याच कारणानं. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की दगडाची कपची उडते. चुलीसाठी कोरड्या बांधावरचे दगड घ्या.

आता पेटवण, म्हणजे काडीचा जाळ ज्याला प्रथम द्यायचा ते. जंगलात कोरडं गवत, पिंजलेली साल, बांबू खरवडून निघालेला भुसा, हे सगळं चालतं. पण मी सॅकमध्ये घरूनच नेतो आणि तुम्हीही न्या. देवघरातल्या फुलवाती पातळ तुपात बुडवून, थिजवून, छोट्या डबीत भरा. एक फुलवात दोन-चार मिनिटं सहज जळते, वाऱ्यात चट्कन विझत नाही आणि वजन काहीच नाही. मे महिन्यात तूप वितळून डबीबाहेर येतं, तेव्हा त्याच कापसाला व्हॅसलीन चोळा. कापूर त्याहून चटकन धरतो आणि ओलसर हातानं हाताळला तरी पेटतो, मात्र एक वडी फार वेळ टिकत नाही आणि उघडा ठेवला तर महिन्याभरात डबीतून उडून जातो. सायकलच्या ट्यूबची बोटभर पट्टी भर पावसातही पेटते. काळा, घाणेरडा धूर येतो, म्हणून तिला मी अगदी नाइलाजाच्या वेळेसाठी ठेवतो आणि ती जळून संपेपर्यंत वर भांडं ठेवत नाही.

पेट्रोल नाही, कधीच नाही. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि काडी ओढणाऱ्याच्या हातापर्यंत येऊन भडकते. हात धुवायच्या सॅनिटायझरचं तसंच, त्यात भर म्हणजे दिवसाउजेडी त्याची ज्वाला दिसतच नाही, त्यामुळे पेटलं नाही असं समजून माणूस आणखी ओततो.

आणि मेणबत्ती. कमी काड्यांचं सगळ्यात साधं उत्तर हेच आहे, तरी लोकांना ती फसवणूक वाटते. काडीनं मेणबत्ती लावायची, मेणबत्तीनं बाकी सगळं. बोटभर उरलेला तुकडा दहा-पंधरा मिनिटं नक्की देतो, म्हणजे काडीच्या दहा सेकंदांचे तुम्ही शेकडो सेकंद केलेत. पेटवण थोडी दमट निघाली तरी वाळायला वेळ मिळतो. जाळ झाला की मेणबत्ती काढून, विझवून, परत खिशात. हिमालयात गेलात तर चीडच्या झाडाचं लीसा, म्हणजे राळ, मुरलेलं लाकूड हेच काम करतं, सह्याद्रीत तशी सोय नाही.

काडेपेटीकडे लोक फक्त काड्यांच्या बाजूनं बघतात. आपल्याकडच्या सेफ्टी काडीच्या गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं आणि तांबडा फॉस्फरस असतो पेटीच्या कडेच्या पट्टीवर. दोन्ही एकमेकांवर घासले तरच ठिणगी. पट्टी भिजली किंवा खरवडून गेली की पेटीतल्या पन्नास कोरड्या काड्या कुचकामी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पेटी नुसती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात राहिली तरी सादळते. काडी ओढली की गूल भुसभुशीत होऊन पट्टीलाच चिकटून येतं. म्हणून पेटी दोन जागी विभागा. दहा काड्या आणि दुसऱ्या पेटीची कापलेली पट्टी एका छोट्या झिप पाऊचमध्ये, तो पाऊच अंगावरच्या आतल्या खिशात. उरलेली पेटी घट्ट झाकणाच्या डबीत, सॅकच्या मध्यभागी कपड्यांत. पट्टी आणि गुलं एकमेकांना घासणार नाहीत अशी मध्ये कागदाची घडी घाला. दोन रुपयांची वस्तू आहे, दोन न्या. मेणाच्या काड्या थोडा जास्त वेळ जळतात, पण उन्हात मऊ होऊन ओढताना वाकतात. काडी सादळलीच तर उन्हात किंवा अंगाच्या उबेत तासभर ठेवा, मगच ओढा. सादळलेली काडी पुन्हा पुन्हा घासणं म्हणजे काडी आणि पट्टी दोन्ही घालवणं. लायटर जरूर ठेवा, पण गोठवणाऱ्या थंडीत त्यातला गॅस नीट सुटत नाही, आधी मुठीत गरम करावा लागतो. भिजलेल्या लायटरचं चाक तर कोरडं होईपर्यंत नुसतं फिरत राहतं.

रचना. तीन दगडांची चूल मांडा, तोंड वाऱ्याकडे, पण थोडं तिरकं. समोरून थेट वारा आला तर जाळ मागच्या दगडावर आपटून बाहेर येतो. जमीन ओली असेल तर चुलीच्या तळाला अंगठ्याएवढ्या काटक्या एकमेकींना चिकटवून अंथरा, किंवा एक कोरडी फरशी ठेवा. ओली जमीन खालून आच खात राहते आणि तुम्ही वरून दोष काड्यांना देता. या बैठकीवर मागच्या दगडाला टेकवून एक मनगटाएवढं लाकूड आडवं ठेवा. त्याच्या पुढ्यात मूठभर पेटवण, सैल. दाबून गोळा केलात तर आत हवा जाणार नाही. मग काडीएवढ्या काटक्या पेटवणीवरून त्या आडव्या लाकडावर एका बाजूनं उतरत्या टेकवत जा, पंचवीस-तीस तरी. समोर तळहात आत जाईल एवढं तोंड मोकळं ठेवा. काडी इथून आत जाणार आहे. पेन्सिलीएवढ्या काटक्यांचा थर त्यावर, पण विरळ. बाकीचे ढीग उजव्या हाताशी, जाडीच्या क्रमानं. आता सगळ्यांना जागेवर बसवा. कोणी उठून वाऱ्याची दिशा बदलायची नाही.

काडी ओढणं हे शिकवावं लागतं असं कोणाला वाटत नाही, पण निम्म्या काड्या इथेच वाया जातात. वाऱ्याकडे पाठ करून, गुडघे टेकून, चुलीच्या तोंडापाशी बसा. पेटी चुलीपासून वीतभर अंतरावर, जमिनीलगत. काडी अंगठा आणि मधल्या बोटात धरा आणि तर्जनी गुलाच्या मागे टेकवा, म्हणजे दाब दिला तरी काडी मधून मोडत नाही. स्वतःपासून दूर, एकाच दमात ओढा आणि गूल धरताच तर्जनी मागे घ्या. 'फुस्' झाल्यावर पहिला क्षणभर जाळ गुलाचा असतो, लाकडाचा नाही. त्या क्षणी घाईनं हात हलवला तर काडी विझते. पेटी सोडा, दोन्ही तळव्यांची ओंजळ करा, काडीचं पेटतं टोक किंचित खाली झुकवा. जाळ काडीवरून वर चढू लागला, पिवळा आणि स्थिर झाला, की हळूच आत न्या आणि पेटवणीच्या खालच्या कडेला, वारा येतो त्या बाजूला लावा. वरून लावलेली आग वरच्या वर जळून जाते. बोटांना चटका बसेपर्यंत काडी तिथेच राहू द्या आणि मग ती आतच सोडा, तीही सरपणच आहे.

आणि यानंतर दहा सेकंद काहीही करू नका. हे सगळ्यात अवघड.

पेटवण धरली, वरच्या काटक्या तडतडू लागल्या, की चिमटीचिमटीनं काडीएवढ्या काटक्या जिथे जाळ उंच आहे तिथे ठेवत जा. बाजूला ठेवलेली काटकी नुसती तापते. पांढरा दाट धूर येऊ लागला आणि जाळ बसला तर घाबरून सगळं विस्कटू नका. तो धूर म्हणजे वाफ आणि न जळलेला वायू. वायू आहे म्हणजे उष्णता आहे, हवा कमी पडते आहे. गाल जमिनीला लागेल इतकं खाली वाका आणि मुळाशी, निखाऱ्याचा लाल ठिपका दिसतो तिथे, लांब आणि मंद फुंकर घाला. तोंड बाजूला करून श्वास घ्या, पुन्हा फुंका. जोरात मारलेली फुंकर राख उडवते आणि लाल ठिपकाही गार करते. घरची फुंकणी किंवा पोकळ बांबूचा हातभर तुकडा असेल तर डोळे वाचतात. धुरातून अचानक 'भप्' करून जाळ उठेल, तेव्हा कपाळावरचे केस मागे असू द्या. अंगठ्याएवढी लाकडं पेटून त्यांचं टोक लाल झालं की काम झालं. इथून पुढे फक्त लाकूड आत सारायचं आणि जाळ जास्त झाला की मागे ओढायचं.

पहिली काडी फुकट गेली तर दुसरी लगेच ओढू नका. का विझली ते आधी बघा. पेटवण काळी पडून धुमसली असेल तर ती दमट आहे, नवी लागेल. पेटवण पूर्ण जळून गेली आणि काटक्या तशाच राहिल्या असतील तर काटक्या जाड आहेत किंवा पेटवणीपासून लांब आहेत. काडी आत पोचायच्या आधीच गेली असेल तर वारा. सॅक, चटई, मित्र, जे असेल ते आडवं लावा. कारण न काढता ओढलेली दुसरी काडी पहिल्यासारखीच जाते. तिसरी माझ्या नियमानं फक्त मेणबत्तीसाठी.

कोणी हौसेनं विचारतंच, गारगोटीवर गारगोटी घासून पेटत नाही का? ठिणगी दिसते, पण ती काहीही पेटवत नाही. चकमकीत एका हातात पोलाद लागतं. गारगोटीच्या धारेनं पोलादाचा बारीक कण तासला जातो, तो हवेत पेटतो आणि आधी जाळून काळ्या केलेल्या कापसावर पडला तर धरतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडात पोकळ्यांमधून गारगोट्या भरपूर सापडतात, पोलाद घरून न्यावं लागतं. दिवसा उन्हात बसून हा खेळ करून बघायला मजा येते. रात्री भूक लागलेली असताना नाही.

काड्या वाचवण्याचा जुना मार्ग मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे आग विझू न देणं. खेड्यात सकाळी चूल पेटवायला काडी लागायचीच नाही. रात्रीचे निखारे राखेत पुरलेले असायचे आणि आपले गेले असतील तर शेजारून गोवरीच्या तुकड्यावर विस्तव आणला जायचा. तुम्ही एकाच अंगणात दोन रात्री राहणार असाल तर हे करून बघा. झोपायच्या तासभर आधी बाभूळ, खैर, धावडा असं जड लाकूड घाला. पांगारा, सावर यांचे निखारे टिकत नाहीत. निखारे लालबुंद झाले की चुलीच्या मागच्या कोपऱ्यात एकत्र ओढा, मध्ये गोवरीचा एक तुकडा ठेवा आणि वर बोटभर जाडीचा कोरड्या राखेचा थर पसरा. राख हवा अडवते, पण पूर्ण नाही, त्यामुळे निखारा आतल्या आत अगदी सावकाश जळतो. सकाळी वरची राख हलक्या हातानं बाजूला करा. लाल ठिपके दिसले की त्यावर तुराटीचे तुकडे किंवा काथ्या, दोन लांब फुंकरा, आणि चहा. हे घराच्या अंगणात, दगडांच्या आडोशाला, आसपास गवत नसताना. टेंटमध्ये किंवा बंद खोलीत निखाऱ्याचं घमेलं उबेसाठी ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

निघताना शेकोटीवर नुसती माती लोटून जाऊ नका. राखेनं झाकलेला निखारा सकाळपर्यंत टिकतो, तसाच मातीनं झाकलेलाही टिकतो आणि दुपारच्या वाऱ्यात उघडा पडतो. पाणी ओता, काठीनं तळापर्यंत ढवळा, अर्धवट जळलेली लाकडं उलटून त्यांच्या पोटावरही ओता, पुन्हा ढवळा. फसफस थांबली तरी पुरेसं नाही. हाताची पालथी बाजू आधी राखेवर धरा, ऊब लागली नाही तर राखेत घाला. जराही कोमट लागलं तर आणखी एक बाटली ओता. चुलीचे दगड हलवण्याआधी त्यांच्या खालची जागाही तशीच चाचपा, कोरडी मुळं असलेल्या जमिनीत आग बहुधा तिथे लपते.